आठ नंबरवरचे पट्टीचाचा

लिहायला बसण्याआधी मला माफी मागावी लागेल. आमच्या घरात सही आणि किराण्याची यादी यांच्या पलीकडे आजवर कोणी काही लिहिलेलं नाही. बाबा महागावच्या बाजारात हमाली करतात, आई दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचते आणि मी यवतमाळला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या वार्षिकांकासाठी आठवणीतल्या माणसावर लिहा, असं मराठीच्या मॅडमनी सांगितलं तेव्हा वर्गातल्या मुलांनी आजोबा निवडले, शिक्षक निवडले, एकाने तर तालुक्याचे पुढारी निवडले. मला मात्र आमच्या फुलसावंगीचे पट्टीचाचाच आठवत राहिले. मी त्यांचा नातेवाईक नाही. त्यांच्याकडे कधी कामालाही नव्हतो. मी फक्त त्यांचा एक ग्राहक होतो, तोही आईच्या नावावरचा. त्यामुळे काही चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

चाचा गावातले केबलवाले. सगळीकडे दिसतात ती चॅनलं तर ते दाखवायचेच, पण त्यांचं स्वतःचंही एक चॅनल होतं. पूर्वी ते टीव्हीवर आठ नंबरला लागायचं. पुढे सेट-टॉप बॉक्स आले आणि त्याचा नंबर नऊशेच्या वर कुठेतरी गेला, तरी गाव त्याला आठ नंबरच म्हणत राहिलं. या चॅनलवर पडद्याच्या खालून जाहिरातींची अक्षरं धावायची. ती पट्टी चाचा स्वतः टाइप करायचे, म्हणून ते पट्टीचाचा. त्यांचं खरं नाव मला बारावीनंतर, एका फॉर्मवर साक्षीदार म्हणून त्यांची सही घेताना कळलं.

जाहिरात त्यांच्या जिभेतच होती. कुठलीही गोष्ट ते सलग सांगू शकत नसत. एकदा बसस्टॉपवर ते खोलीत साप निघाल्याचं सांगत होते. "मी दरवाजा खोलला. अंदर अंधार. हात टेकवला तं कायतरी थंडं लागलं. पाह्यतो तं काय..." इथे ते थांबले. चहाचे कप हातात धरून सगळे पुढे वाकले. चाचा शांतपणे म्हणाले, "पावसाळ्यात बॅटरी घेऊन फिरत जा भाऊ. समोरच्या इलेक्ट्रिकलवर नवीन माल आला."

"चाचा, आधी साप सांगा ना!" कोणीतरी ओरडलं.

"ब्रेकशिवाय मजा नाई बेटा," चाचा म्हणाले. "सापाले बी दम घेऊ द्या."

मयतीला गेले तरी हीच तऱ्हा. आमच्या गल्लीत एक म्हातारे वारले तेव्हा चाचा त्यांच्या मुलाजवळ बसून खरोखर रडले. रुमालाने डोळे पुसले. आणि मग त्याच ओल्या आवाजात म्हणाले, "बुढ्याचा फोटो चांगला मोठा कर बापू. फ्रेम मस्जिदच्या बाजूले भेटते. काचवाली." मुलगा रडता रडता हसला आणि मग हसल्याबद्दल जास्त रडला.

रविवारी दुपारी चाचांच्या चॅनलवर फर्माईश असायची. फोन करायचा, काय पाहायचं ते सांगायचं, चाचा लावायचे. लोडशेडिंगमुळे मालिकेचा भाग बुडला तर तोही ते रेकॉर्ड करून ठेवायचे आणि बायकांच्या फर्माईशीवरून दुसऱ्या दिवशी सांजच्या वेळी दाखवायचे. गंमत अशी की मागणार एक आणि पाहणार अख्खं गाव. त्यामुळे फर्माईश करणाऱ्यावर मोठी जबाबदारी असायची. सिनेमा रटाळ निघाला तर आठवडाभर लोक त्याच्याशी नीट बोलत नसत. शिवाय चाचांचा नियम होता की ज्याने मागितलं त्याने शेवटपर्यंत बसायचं. कोणी मध्येच उठून पानठेल्यावर दिसला की लगेच पट्टी यायची: "फर्माईश करणारे श्री. देवराव सध्या पानठेल्यावर आहेत. त्यांनी घरी जावे."

पिठाच्या गिरणीचे मालक गजूभाऊ हे चाचांचे लहानपणापासूनचे मित्र. ते दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला स्वतःच्याच लग्नाची कॅसेट लावायला सांगायचे. अक्षतांच्या वेळी त्यांचे मामा केव्हा शिंकतात हे आमच्या गावातल्या पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक होतं. मामा शिंकले की घराघरांतून "सत्य आहे" असा आवाज यायचा.

कॉलेजात एका तासाला सरांनी सांगितलं की आता प्रेक्षक स्वतःच्या मागणीप्रमाणे, हवं तेव्हा, हवं ते पाहतो, आणि त्याच्या आवडीनिवडी ओळखून त्याला नेमक्या जाहिराती दाखवल्या जातात, ही फार मोठी क्रांती आहे. मी वहीत लिहून घेतलं. पण मनात आलं, हे तर आमच्याकडे होतं. हात वर करून सांगावं असंही वाटलं. केला नाही. मला अजून वर्गात बोलायला भीती वाटते.

नेमक्या जाहिरातींत तर चाचांचा हात धरणारं कोणी नव्हतं. आमच्या शेजारच्या शंकरकाकांची विहिरीवरची मोटर सकाळी जळाली, तर दुपारी पट्टी सुरू: "जळालेल्या मोटरी वाइंडिंग भरून मिळतील. श्री. शंकरराव यांनीसुद्धा आमच्याकडेच दिली आहे." शंकरकाका भांडायला गेले. "अजून दिली नाई मी! विचारच करून राह्यलो!" चाचा म्हणाले, "मंग आता विचार कायले करता? पट्टीत तं आलं." काकांनी मुकाट्याने मोटर नेऊन दिली. त्यापेक्षा मोठा घोळ दुसऱ्या एका घरी झाला. तिथे मुलगी पाहायला पाहुणे आले होते. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, पसंती नंतर कळवतो म्हणाले आणि सहज टीव्हीकडे पाहिलं. खाली अक्षरं धावत होती: "नियोजित वधू-वरांस हार्दिक शुभेच्छा. बस्त्यासाठी एकच ठिकाण." मुलाच्या वडिलांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "गावात जाहीरच झालं म्हणता तं आता काय." ते लग्न झालं आणि चांगलं टिकलं. चाचा त्या जोडप्याचा उल्लेख "माझ्या पट्टीचे" असा करायचे.

आमच्या घराचं गणितही त्यांच्या ब्रेकवर बसवलेलं होतं. आई सांजच्या वेळी आठ नंबरवरची मालिका लावायची. पहिल्या ब्रेकला कणीक भिजवायची, दुसऱ्याला भाजीला फोडणी, तिसऱ्याला भाकरी. चाचांचा ब्रेक लांबला की आमची भाजी चांगली शिजायची. बाबा जेवताना म्हणायचे, "आज जाहिराती जास्त होत्या वाटते. वांगं नरम आहे."

गावात मोबाईलवर सिनेमे दिसू लागले तेव्हा केबल सगळ्यात आधी काढली शाळेतल्या गुरुजींनी. चाचा स्वतः कारण विचारायला गेले. गुरुजी आमच्या समोरच राहतात, त्यामुळे ओट्यावर चाललेलं बोलणं आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"काहून काढली गुरुजी लाईन? चित्र साफ येत नाई का?"

"येतं हो चाचा. पण मोबाईलवर जाहिरात नसते. सलग पाहता येतं."

चाचा म्हणाले, "जाहिरात नाई? बिलकुल नाई?"

"बिलकुल नाही."

"मंग बाईनं भाकर कवा टाकावं? बुढ्यानं बाहेर कवा जाऊन यावं? आन् गावात काय चाललं हे तुमाले कोण सांगते?"

गुरुजी हसले. चाचा नाही हसले. जाताना पायरीवरून वळून त्यांनी विचारलं, "सगळे आपापल्या मोबाईलवर पाह्यता?"

"हो, ज्याला जे आवडेल ते."

"मंग हासता बी एकटे एकटेच?"

पण चाचा हार मानणारे नव्हते. लोकांना जाहिरात नको ना, मग त्यांनी एक रविवार जाहिरातीविना घोषित केला. सिनेमा सुरू झाला. पाऊण तास गेला. पट्टी नाही, ब्रेक नाही. लोक अस्वस्थ झाले. दोघांनी चाचांच्या घरी फोन करून चाचींना विचारलं, "चाचाची तब्येत बरी आहे ना?" तासाभराने मात्र चाचांनाच राहवेना. पडदा थांबला, खाकरल्याचा आवाज आला आणि ते माईकवर म्हणाले, "मेहरबान, आज या ठिकाणी जाहिरात नाई. ज्या दुकानाची जाहिरात आज नाई त्याचं नाव..." आणि मग त्यांनी ओळीने सगळ्या दुकानांची नावं घेतली, मालाच्या वर्णनासकट. तो ब्रेक त्या वर्षीचा सगळ्यात मोठा ब्रेक ठरला.

मग एक दिवस मोबाईलवरच्या सिनेमांतही जाहिराती यायला लागल्या. नको असतील तर जास्त पैसे भरा, असं त्यात लिहून येत होतं. ही बातमी चाचांना कळली तेव्हा ते ईद असल्यासारखे नवा कुर्ता घालून गुरुजींच्या ओट्यावर आले.

"गुरुजी, आयकलं ते सच हाय का?"

गुरुजींनी ओशाळून मोबाईल दाखवला. एक बाई तेलुगूत साबणाविषयी काहीतरी सांगत होती. ती संपली की तीच बाई पुन्हा यायची.

"तेलुगूत?" चाचांना हसू आवरेना. "आन् तुमाले समजते का?"

"नाही."

"त्या बाईले तं फुलसावंगी कुठं हाय हे बी मालूम नाई! माझी जाहिरात कशी, घरच्या माणसाचं नाव घेऊन यायची. आन् हिले बंद कराचे वरून पैसे?" ते ओट्यावर मांडी घालून बसले आणि गुरुजींसोबत ती बाई त्यांनी तीनदा पाहिली. जाताना म्हणाले, "लाईन परत जोडू का?" गुरुजी म्हणाले, "बघू." आमच्याकडे बघू म्हणजे नाही. चाचांनाही ते माहीत होतं.

नंतरच्या दोन वर्षांत चाचांची लाईन घराघरांतून निघत गेली. किती घरं उरली, हे ते कोणाला सांगत नसत. विचारलं तर म्हणायचे, "चालून राह्यलं ना, बस."

मागच्या उन्हाळ्यात मी सुट्टीत घरी होतो तेव्हा गजूभाऊंच्या मुलीचं लग्न निघालं. आमच्याकडे चूलबंद निमंत्रण देण्याची रीत आहे. म्हणजे घरातल्या फक्त एकाने नाही, सगळ्यांनी यायचं आणि त्या दिवशी चूल पेटवायची नाही. पूर्वी हे आवतण द्यायला माणूस घरोघर फिरायचा. चाचांचं चॅनल आल्यापासून ते पट्टीत यायचं आणि पट्टी म्हणजेच पत्रिका मानली जायची. गजूभाऊंनीही मित्राला तेच सांगितलं. चाचांनी तीन दिवस पट्टी चालवली: "गजाननराव गिरणीवाले यांचेकडील शुभविवाहाचे सर्व गावकऱ्यांना चूलबंद निमंत्रण." लाल अक्षरं, कडेला दोन फुलं. आईने वाचलं आणि लग्नाच्या दिवशी सकाळी चूल सारवून कोरडी ठेवली.

आम्ही शाळेच्या मैदानावरच्या मांडवात पोचलो तेव्हा लग्न लागलं होतं. मोठमोठ्या गंजांत म्हणजे पातेल्यांत वरण-भात, आलू-वांग्याची भाजी, परातीत बुंदीचा डोंगर. आणि मांडवात फक्त वऱ्हाडी, घरचे पाहुणे आणि आमच्यासारखी थोडी माणसं. जेवायला बसायच्या पट्ट्या दूरपर्यंत रिकाम्या अंथरलेल्या. आचारी कंबरेवर हात ठेवून रस्त्याकडे पाहत होता. मुलाकडची माणसं आपसात कुजबुजू लागली होती की मुलीच्या बापाचं गावात काही भांडण आहे काय, त्याला वाळीत टाकलंय काय.

गजूभाऊंचा चेहरा उतरला होता. ते चाचांना बाजूला घेऊन म्हणाले, "गावात काही झालं का रे? कोणी गेलं का?"

चाचांनी रिकाम्या पट्ट्या पाहिल्या. एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत. मंगलाष्टकांचा माईक त्यांनी उचलला, मांडवाचा भोंगा उतरवला, भाजीपाला घेऊन आलेल्या मालऑटोत बॅटरीसकट ठेवला आणि वर चढले. ऑटो गावात शिरला. पुढचं आम्हाला दिसलं नाही, पण भोंगा एवढा मोठा होता की मांडवात बसूनच सगळं ऐकू येत होतं.

आधी खाकरणं. मग: "फुलसावंगीकर! आज गजानन गिरणीवाल्याच्या पोरीचं लगन हाय. चूलबंद निमंत्रण हाय! पट्टी तीन दिवस चालून राह्यली. तुमी पाह्यली नाई हे तुमचं चुकलं, आन् तुमी पाह्यत नाई हे मी सांगतलं नाई, हे माझं चुकलं. चूल बंद करा!"

मग आवाज एकदम कडक झाला. "कुकरची शिटी आयकू येऊन राह्यली मले! कोन हाय? सुमनबाई? दुसरी शिटी होऊ देऊ नका! उतरवा!"

दुरून बाईचा बारीक आवाज माईकमध्ये शिरला. "चाचा, डाळ तं शिजली ना आता!"

"शिजली तं झाकून ठेवा! उद्या फोडनी द्या! चला!"

मांडवात पहिल्यांदा कोणीतरी हसलं. भोंगा पुढच्या गल्लीत गेला. "गुरुजी! कानातलं काढा. तुमाले म्हणून राह्यलो. कानातलं! ...अरे कोणी हलवा बापा त्यायले. हां. नमस्कार गुरुजी. जेवाले चला." मग पुढे, "देवराव, भाकर तव्यावर हाय तं पलटवा आन् निंगा. पोरायले हात धुवाले लावू नका, तिथं पाणी हाय. आन् बुंदी हाय, बुंदी! गरम! बसस्टॉपच्या हॉटेलवाल्यानं केली. लग्नकार्याच्या ऑर्डरी घेणे चालू आहे!"

आता मुलाकडची माणसंही हसायला लागली. नवरीने तोंडावर पदर घेतला होता, पण तिचे खांदे हलत होते. आणि रस्त्याच्या वळणावरून माणसं येताना दिसू लागली. कोणाच्या हाताला कणीक, कोणाच्या अंगात घरातलाच बनियन, बायका चालता चालता केस बांधत. दीड तासात पट्ट्या भरल्या. आचाऱ्याला भात पुन्हा चढवावा लागला. सुमनबाई तर शिजलेली डाळ डब्यात घालून घेऊनच आल्या आणि ती वरणात ओतली गेली.

जेवणं उरकल्यावर गंजांच्या मागे चाचा आणि गजूभाऊ बसले होते. मी तिथे पाण्याचे ग्लास धूत होतो, त्यामुळे त्यांचं बोलणं माझ्या कानांवर पडलं. चाचा मान खाली घालून म्हणाले, "गजू, माझं चॅनल आता तेवीस घरांत जाते. शिरफ तेवीस. तू इचारलं, सगळ्यायले पोचन ना, तवाच सांगाले पाह्यजे होतं. शरम आली यार."

गजूभाऊंनी खूप वेळ टोपी काढून डोकं खाजवलं. मग म्हणाले, "आता खरं सांगू का? माह्या घरी लाईन आहे, पण दोन वरसांपासून टीव्हीवर कपडा टाकून ठेवला. पोट्टे मोबाईलच पाह्यतात. तुले वाईट वाटन म्हणून लाईन ठेवली. मले बी शरम आली."

मला वाटलं आता दोघे हसतील. गजूभाऊ हसलेही. चाचा मात्र एकदम उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा मांडव रिकामा पाहिला तेव्हापेक्षा वाईट झाला होता. ते म्हणाले, "मंग तेवीस बी झूठ?"

दुसऱ्या दिवसापासून चाचा त्या तेवीस घरी फिरले. आमच्याकडे आले तेव्हा आई तूर पाखडत होती.

"भाभी, सच सांगा. पाह्यता का नुसती लाईन ठेवली?"

"भाऊ, मले पाह्यले दुसरं काय आहे?"

"मंग सांगा, काल पट्टीत काय होतं?"

आईने सूप खाली ठेवलं आणि पाढे म्हणावेत तसं म्हणून दाखवलं: पंक्चरचं दुकान नव्या जागेत, पाचवी ते दहावी शिकवणी, तपकिरी रंगाची शेळी हरवली आहे, डाव्या कानाला छेद. चाचांचा चेहरा खुलला. "पास! मेरिट!" ते म्हणाले.

सगळीकडे असा निकाल लागला नाही. जे नापास झाले त्यांची लाईन चाचांनी तिथल्या तिथे कापली, शिडी स्वतः घेऊन हिंडत होते. गजूभाऊ म्हणाले, "अबे, दर महिन्याला पैसे देऊन राह्यलो ना तुले!" चाचा शिडीवरूनच म्हणाले, "पैसे कायचे? पाह्यत नाई आन् लाईन ठेवते. भीक देऊन राह्यला का मले?" तेविसांतली सात घरं उरली. त्या संध्याकाळी बसस्टॉपवर चाचांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "पाह्यणारं एक घर असंल तोवर आठ नंबर चालन. एक. पण खरंखुरं पाह्यणारं."

पोटापाण्यासाठी ते घरीच कूलर आणि मिक्सर दुरुस्त करू लागले होते. खोलीच्या एका कोपऱ्यात हे काम चालायचं आणि दुसऱ्या कोपऱ्यात आठ नंबर. मी यवतमाळला परत आलो. आईच्या फोनमधून अधूनमधून कळायचं की सातांतल्या एक आजी झरी जामणीला लेकीकडे राहायला गेल्या, कटिंगवाल्याने दुकानात इंटरनेटवाला मोठा टीव्ही लावला. मी "हो का" म्हणायचो. मी काही उरलेली घरं बोटांवर मोजत बसलो नाही. बसायला हवं होतं.

दिवाळीच्या आधी माझी शिष्यवृत्ती जमा झाली आणि मी पहिल्यांदा आईसाठी काहीतरी घेतलं: मोबाईल, मोठ्या पडद्याचा. तिची मालिका त्यात एक दिवस आधी दिसते, असं दुकानदाराने सांगितलं. गावात उतरलो तर बसस्टॉपवर चाचाच भेटले. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "कसं चालू हाय कॉलेज? तुझी आई माझी मेरिटची हाय बरं. तिले इचारल्याशिवाय मी पट्टीचा रंग बी बदलवत नाई." मग बॅगेकडे पाहून, "फुगली लई. काय हाय?"

"पुस्तकं," मी म्हणालो.

"वाच बेटा, वाच," चाचा म्हणाले आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

खोटं का बोललो हे मला तेव्हा कळलं नाही. मोबाईल लपवण्यासारखी गोष्ट नाही आणि आईला सुख देणं हा काही गुन्हा नाही, असं मी स्वतःला बऱ्याचदा सांगितलं आहे. आईला शिकवायला दोन दिवस लागले. सुरुवातीला ती मोबाईल टीव्हीच्याच वर उभा ठेवून लांब बसून पाहायची. मग हातात घेऊ लागली. ब्रेक नसल्यामुळे पहिल्याच आठवड्यात तिने दोनदा भाजी करपवली आणि बाबांनी न बोलता खाल्ली.

परवा आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "चाचाले सांगतलं मी, लाईन काढून घ्या म्हणून. दोन दोन कायले ठेवाचं? ते स्वतः आले. वायर काढली, कोपरावर गुंडाळली. मी चहा ठेवला. मले म्हणतात, भाभी, शिरेल कसं दिसते त्याच्यात? मी म्हणलं, साफ दिसते. आवाज? मी म्हणलं, आवाज बी साफ. तं म्हणे, मंग बरं हाय. पोरानं घेऊन देल्ला का? मी हो म्हणलं. म्हणे, चांगलं पोरगं हाय."

मी विचारलं, "आणखी कोणाकोणाकडे आहे त्यांची लाईन?"

आई म्हणाली, "कोणाकडेच नाई ना रे. आपलंच घर होतं शेवटचं. त्यायनं मले सांगतलंच नाई. मले काल चाची गिरणीवर भेटल्या तवा समजलं."

चाचींनी आईला सांगितलं ते असं: आमची वायर घेऊन घरी आल्यावर चाचांनी चॅनल लगेच बंद केलं नाही. कॉम्प्युटरवर बसून त्यांनी एक पट्टी टाइप केली. नेहमी दोन मिनिटांत व्हायचं, त्या दिवशी दुपार गेली. मग ती पट्टी खोलीतल्या टीव्हीवर लावून, समोर खुर्ची घेऊन ते संध्याकाळपर्यंत पाहत बसले. आईने चाचींना विचारलं, काय लिहिलं होतं पट्टीत? चाची म्हणाल्या, "मेरेकू मराठी पढना कहाँ आता भाभी, मैं तो उर्दू स्कूल की. लंबी थी बहुत. चलती जाती थी, चलती जाती थी. फिर उठके खुदीच बटन बंद करे."

आई मला म्हणाली, "तू शिकला-सवरला आहे. तू इचार ना त्यायले फोन करून, काय लिहिलं होतं."

मी दोनदा नंबर काढला. अजून विचारलेलं नाही.